ज्वालामुखी खडकांतील सोने व चांदी : समन्वेषण

ज्वालामुखी खडकांतील भेगांमधून वाहिलेल्या उष्ण पाण्याने मागे ठेवलेल्या शिरांमध्ये सोने व चांदी आहे काय, असल्यास ती कोणत्या खोलीवर व किती प्रमाणात आहे आणि ती काढणे परवडेल काय, हे ठरविण्यासाठी केलेल्या पद्धतशीर शोधास या शिरांचे समन्वेषण म्हणतात. उष्ण पाण्यापासून निर्माण झालेल्या अशा शिरांना जलतापीय शिरा हे नाव आहे. भूपृष्ठापासून सु. १·५ किमी. खोलीपर्यंत आणि सु. १५०° ते ३००° से. तापमानास तयार झालेल्या उथळ जलतापीय शिरा या लेखात प्रामुख्याने अभिप्रेत आहेत. वॉल्डेमार लिंडग्रेन या अमेरिकन भूवैज्ञानिकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तापमान व खोली यांना अनुसरून जलतापीय निक्षेपांची जी विभागणी केली, तीमधील हा सर्वांत वरचा वर्ग होय.

महाराष्ट्राचा सु. चार-पंचमांश भाग ज्वालामुखी खडकांनीच व्यापलेला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील नेर (नेर परसोपंत) हे गाव व त्याच्या भोवतालचा प्रदेश हे याचे साधे उदाहरण आहे. तेथील काळी जमीन, नाल्यांच्या काठी उघडा पडलेला काळा दगड व विहिरींतून निघणारा मुरूम ही सर्व लाव्ह्याचीच रूपे आहेत. जगातील सोन्या-चांदीच्या अनेक प्रसिद्ध खाणी ज्वालामुखी खडकांत असताना ज्वालामुखी खडकांचाच बनलेला हा प्रदेश या धातूंच्या बाबतीत रिक्त का, हा प्रश्न साहजिक आहे. समन्वेषणाचे बहुतेक तत्त्व या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावलेले आहे.

निर्मिती : भूकवचातील खडकांत सोन्याचे सरासरी प्रमाण टनामागे काही मिलिग्रॅम एवढेच असते, चांदीचे प्रमाण त्याच्या कित्येक पट असले, तरी तेही अत्यल्पच होय. खाणकाम परवडण्यासाठी सोन्याचे प्रमाण टनामागे निदान काही ग्रॅम लागते (फार मोठ्या उघड्या खाणींत एक ग्रॅम किंवा त्याहून कमीही चालते). म्हणजे निसर्गाने मूळचे प्रमाण सु. हजारपट वाढविलेले असले पाहिजे. हे काम पाणी करते. जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खोलवर जाऊन तप्त शिलारसाच्या सान्निध्यात तापते व शिलारसातून सुटलेले कार्बन डाय-ऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन क्लोराइड इ. वायू त्यात मिसळतात. शुद्ध पाण्यात सोने जवळजवळ विरघळत नाही. परंतु गंधकयुक्त उष्ण पाण्यात ते गंधकाशी संयोग पावून विद्रावात राहू शकते. चांदी गंधकाप्रमाणेच क्लोरिनाच्या आधारानेही वाहून नेली जाते.

हा विद्राव भेगांतून वर चढू लागला की त्यावरील दाब कमी होतो आणि एका विशिष्ट खोलीवर त्यास उकळी फुटते. उकळताना हायड्रोजन सल्फाइड वाफेबरोबर निघून जातो, सोन्याचा आधार सुटतो व ते तेथल्या तेथे भेगेच्या भिंतीवर बसते. त्याबरोबर क्वॉर्ट्झ, कॅल्साइट व अड्युलेरिया (पोटॅशयुक्त फेल्स्पाराचा एक प्रकार) हेही बसतात. भेग अशा रीतीने बुजली की खाली दाब साठतो, भूकंपाने किंवा दाबानेच ती पुन्हा फुटते आणि सर्व क्रम पुन्हा चालू होतो. परिणामी शिरेच्या छेदात अकीकासारखे पातळ पट्टे दिसतात. उकळी एका ठराविक पातळीच्या आसपास फुटत असल्याने समृद्ध धातुकही बहुधा काहीशे मीटर उंचीच्या आडव्या पट्ट्यातच सापडते. त्याच्या वर शीर असते, पण बहुधा निर्धन असते. खाली गेल्यास सोन्याऐवजी शिसे, जस्त व तांबे यांची सल्फाइडे वाढत जातात. समन्वेषकाच्या यशापयशाचा मोठा भाग ही पातळी ओळखण्यावर अवलंबून असतो.

ही उपपत्ती केवळ तर्कावर उभी नाही. न्यूझीलंडमधील ब्रॉडलँड्स या भूतापीय क्षेत्रात वीजनिर्मितीसाठी घेतलेल्या विहिरींच्या नळांत, जेथे दाब एकाएकी उतरून पाणी उकळते तेथे, सोने व चांदी असलेली पुटे साचलेली १९८० च्या दशकात आढळली. त्याच देशात वायोटापू येथील एका उष्ण कुंडाच्या काठचा नारिंगी रंगाचा गाळ सोने, चांदी, आर्सेनिक व अँटिमनी यांनी समृद्ध आहे. म्हणजे सोन्याची शीर तयार होण्याची क्रिया आजही पाहावयास मिळते.

दुसऱ्या एका प्रकारात शिलारसातून आलेले अत्यम्ल वायू खडकातील जवळजवळ सर्व घटक धुऊन नेतात व मधमाशांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र क्वॉर्ट्झ तेवढा मागे उरतो. सोने नंतर त्या पोकळ्यांत येते. पेरूमधील यानाकोचा हे याचे मोठे उदाहरण आहे. मात्र तेथे शिरांपेक्षा विखुरलेल्या धातुकासच अधिक महत्त्व आहे.

प्राप्तिस्थाने : भूकवचाचा एक पट्ट दुसऱ्याखाली जेथे सरकतो, तेथील अँडेसाइट, डेसाइट व रायोलाइट या खडकांच्या प्रदेशांत अशा शिरा विपुल आहेत. पॅसिफिक महासागराभोवतालचे ज्वालामुखींचे वलय हे त्यांचे मुख्य क्षेत्र होय. मेक्सिकोतील ग्वानाह्वातो व पाचूका येथील शिरांनी शतकानुशतके जगास चांदी पुरविली. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात १८५९ मध्ये उजेडात आलेल्या कॉमस्टॉक शिरेची हकीकत बोधक आहे. तेथे सोने धुणाऱ्यांना एका जड, निळसर काळ्या मातीचा फार उपद्रव होत असे व ते ती फेकून देत; परीक्षा केल्यावर ती चांदीच्या सल्फाइडाने समृद्ध असल्याचे दिसून आले.

दक्षिण ट्रॅप व नेरचा प्रदेश : सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून बाहेर आलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दक्षिण ट्रॅप तयार झाला. त्याने आज सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापलेले आहे. यातील खडक मुख्यतः बेसाल्ट आहे. या बेसाल्टाच्या पोकळ्यांत क्वॉर्ट्झ, अकीक, कॅल्साइट व झिओलाइट गटातील खनिजे भरलेली आढळतात. ती पाण्यानेच आणून भरलेली आहेत. तेव्हा येथे कोमट-उष्ण पाण्याचे अभिसरण झालेच नाही, असे म्हणता येणार नाही. जळगाव, पुणे, नासिक या भागांतील झिओलाइटांचे स्फटिक तर जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत. असे असूनही त्यांच्याबरोबर सोने नाही, याची कारणे पुढीलप्रमाणे देता येतील.

पहिले कारण शिलारसाचे. पट्ट खाली सरकणाऱ्या प्रदेशांतील शिलारस पाणी व वायू यांनी समृद्ध असतो आणि उथळ खोलीवर दीर्घकाळ साठून राहिल्यामुळे पाण्याचे अभिसरण हजारो वर्षे चालू ठेवतो. दक्षिण ट्रॅपचा शिलारस प्रावरणातून (भूकवचाखालील भागातून) आलेला व तुलनेने कमी पाण्याचा होता. तो भराभर बाहेर पडून दूरवर पसरला व पातळ थरांच्या रूपाने निवाला. अशा एका थराची उष्णता अल्पावधीतच संपते आणि थराखाली तिचा पुरवठा करणारी भट्टी नसते. दुसरे कारण पाण्याचे. झिओलाइटे ही कमी तापमानाच्या, अल्कधर्मी व गंधक फारसे नसलेल्या पाण्याची निदर्शक आहेत. अशा पाण्याजवळ सोने वाहून नेण्याचे साधनच नसते. तिसरे कारण वाटेचे आहे आणि त्याकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. सोन्याची शीर बनण्यास प्रचंड प्रमाणात पाणी एकाच भेगेतून पुनःपुन्हा जावे लागते. बेसाल्टातील पोकळ्या म्हणजे निवणाऱ्या लाव्ह्यात अडकलेले वायूंचे बुडबुडे होत. त्या सुट्या असतात, त्यांत पाणी झिरपते, वाहत नाही. नेरच्या परिसरात एखाद्या गारगोटीतील अकीकाचे पट्टे सोन्याच्या शिरेतील पट्ट्यांसारखे दिसले, तरी दोहोंचे साम्य येथेच संपते.

विहीर खणताना चकाकणारा दगड निघाला की सोन्याची वदंता उठते. तो बहुधा झिओलाइटाचा किंवा कॅल्साइटाचा स्फटिक असतो, कधी पायराइट असतो. त्याची परीक्षा कोणासही करता येईल. सोने मऊ असते, ठोकल्यास पसरते व त्याचा कस पिवळाच उमटतो. पायराइट ठिसूळ असते, ठोकल्यास त्याचा चुरा होतो व त्याचा कस हिरवट काळा येतो. झिओलाइट व कॅल्साइट सोन्याच्या मानाने फारच हलकी असतात.

ट्रॅपखाली काय आहे, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. यवतमाळ जिल्ह्यातच पूर्वेकडे वणीच्या बाजूस ट्रॅपचे आवरण संपते व त्याखालील चुनखडक आणि गोंडवनी संघातील कोळशाचे थर उघडे पडतात. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात सु. ३३८ मी. खोलीवर ट्रॅप संपून खालचा पट्टिताश्म लागला. अशा झाकलेल्या जुन्या खडकांत एखादी शीर असली, तरी तिची कोणतीही खूण वरच्या काळ्या दगडात उमटण्याचा संभव नाही, कारण तो दगड तिच्यानंतरचा आहे. म्हणून नेरसारख्या ठिकाणी पृष्ठभागावरील गारगोट्यांवरून सोन्यासाठी छिद्रे घेणे हा निखालस अपव्यय ठरेल. समन्वेषणात असा नकारात्मक निष्कर्ष होकारात्मक निष्कर्षाइतकाच मोलाचा असतो.

दक्षिण ट्रॅपच्या सर्व भागांची स्थिती सारखी नाही. गुजरातमधील गिरनार व पावागड तसेच मुंबईजवळील साष्टीचा किनारा येथे रायोलाइट, ट्रॅकाइट यांसारखे सिलिकायुक्त खडक आहेत आणि छोटा उदेपूरजवळ आंबा डोंगर येथील फ्ल्युओराइटाचे निक्षेप जलतापीय आहेत. तत्त्वतः विचार करता जलतापीय खुणा पाहावयाच्या, तर विदर्भातील सपाट थरांपेक्षा अशा ठिकाणी प्रथम पाहणे सयुक्तिक होय.

समन्वेषणाची रीत : प्रदेश निवडल्यावर प्रथम खडकांतील बदल पाहिले जातात. उष्ण पाणी शिरेपुरतेच मर्यादित राहत नाही. ते बाजूच्या खडकास शेकडो मीटरपर्यंत पालटून टाकते. शिरेलगत क्वॉर्ट्झ व अड्युलेरिया, त्याबाहेर शाडूसारखी मृत्तिका खनिजे व सर्वांत बाहेर हिरवे क्लोराइट असा क्रम बहुधा असतो. मृत्तिका खनिजे सूर्यप्रकाशाच्या विशिष्ट तरंगलांब्या शोषून घेत असल्याने हे पट्टे उपग्रहांवरील उपकरणांनाही ओळखता येतात. मात्र दाट अरण्य किंवा नेरच्या परिसरासारखी जाड काळी माती असल्यास या साधनाचा उपयोग फारसा होत नाही.

यानंतर ओढ्यांचा गाळ तपासतात. सोन्याचे वि. गु. (विशिष्ट गुरुत्व) सु. १९·३ व क्वॉर्ट्झाचे सु. २·६५ असल्याने धुतल्यावर सोने तळाशी राहते. सराफकट्ट्यातील धूळ धुणारे झारेकरी व पूर्वी नद्यांची वाळू धुणारे सोनझरी याच गुणधर्मावर उपजीविका करीत. आधुनिक पद्धतीत गाळाच्या बारीक कणांचे रासायनिक विश्लेषण करतात. त्यात सोन्याइतकेच त्याच्या सोबत्यांकडे, म्हणजे आर्सेनिक, अँटिमनी व पारा यांच्याकडे लक्ष देतात. हे सोबती सोन्यापेक्षा दूरवर पसरलेले असतात, त्यामुळे त्यांचा माग प्रथम लागतो. ते विषारीही आहेत. म्हणून अशा क्षेत्रातील विहिरींच्या पाण्याची परीक्षा खाण निघण्यापूर्वीच, समन्वेषणाच्या वेळी करून ठेवणे इष्ट असते. पुढे पाणी दूषित असल्याची तक्रार आल्यास मूळची स्थिती काय होती, हे अन्यथा सांगता येत नाही.

शीर उघडी असल्यास तिला आडवे चर खणून सबंध रुंदीचे नमुने घेतात. येथे खनिजांचा पोत फार बोलका असतो. पत्र्यासारख्या कॅल्साइटाची जागा क्वॉर्ट्झाने घेतलेली दिसली, तर तेथे पाणी उकळले होते असे समजतात. क्वॉर्ट्झाच्या स्फटिकांत अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तापवून शीर बनतेवेळचे तापमानही काढता येते. वायुबहुल व द्रवबहुल थेंब शेजारी शेजारी आढळले, तर उकळीचा तो आणखी एक पुरावा होय. पृष्ठभागावर सिलिकेचे उष्ण झऱ्याजवळील थर टिकून असतील, तर क्षरण फारसे झालेले नाही व समृद्ध पट्टा अद्याप खाली आहे, असे अनुमान निघते. उलट शिसे व जस्त यांची सल्फाइडे पृष्ठभागीच दिसू लागली, तर वरचा पट्टा झिजून वाहून गेला असण्याचा संभव असतो.

भूभौतिकीय मापनांपैकी विद्युत् रोधाचे व चुंबकीय मापन विशेष उपयुक्त आहे. मृत्तिका झालेला खडक वीज सहज वाहून नेतो, सिलिकामय शीर वाहत नाही; तसेच उष्ण पाण्याने मॅग्नेटाइट नष्ट केलेले असल्याने बदललेल्या पट्ट्याचे चुंबकत्व मंदावते. ही मापने सोने दाखवीत नाहीत, छिद्र कोठे घ्यावे एवढेच सुचवितात.

जपानमधील हिशिकारी येथील शोध हा या सर्व साधनांच्या मेळाचा नमुना आहे. क्यूशू बेटावरील या जुन्या खाणक्षेत्रात विद्युत् रोध व गुरुत्व यांच्या मापनांवरून जागा ठरवून घेतलेल्या छिद्रात १९८१ मध्ये सु. १५ सेंमी. जाडीची, टनामागे सु. २९० ग्रॅ. सोने असलेली शीर लागली. पृष्ठभागावर तिची ठळक खूण नव्हती. खाण १९८५ मध्ये सुरू झाली व तिने पुढे दोनशे टनांहून अधिक सोने दिले. ही शीर सु. दहा लाख वर्षांचीच असून खाणीत सु. ६५° से. तापमानाचे पाणी अजून निघते.

अशा आकड्यांचा अर्थ लावताना जाडी विसरता कामा नये. १५ सेंमी. जाडीची शीर काढण्यास माणसे व यंत्रे शिरतील एवढी, समजा १·५ मी., रुंदी खणावी लागते. बाजूचा खडक निर्धन असल्यास टनामागे २९० ग्रॅमांचे प्रत्यक्षात २९ ग्रॅमच उरतात. हिशिकारीस ते भरपूर होते. तेवढ्याच जाडीच्या शिरेत टनामागे १० ग्रॅ. सोने असते, तर उरलेला एक ग्रॅम खोल खाणीचा खर्च भागवू शकला नसता. छिद्राने शीर तिरपी छेदली असल्यास दिसणारी जाडी खऱ्या जाडीपेक्षा अधिक भरते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

नमुने व त्यांची परीक्षा : सोने खडकात सारखे विखुरलेले नसते. एका नमुन्यात योगायोगाने एक मोठा कण आला, तर आकडा फुगतो. शेजारच्या नमुन्यात तो न आल्यास शून्य येते. म्हणून नमुने मोठे, अनेक व ठराविक अंतरांवर घ्यावे लागतात. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंते डॅनी क्रिग यांनी १९५० च्या दशकात याच अडचणीतून साठ्यांच्या सांख्यिकीय आकलनाचा पाया घातला. परीक्षेची जुनी रीत आजही प्रमाण मानली जाते. कुटलेली भुकटी मुरदाडशिंग व काही अभिवाह यांच्यासह मुशीत वितळवितात. सुटलेले शिसे सोने व चांदी गोळा करून तळाशी बसते. ती गोळी हाडांच्या राखेच्या सच्छिद्र मुशीत तापविली की शिसे शोषले जाते व मौल्यवान धातूंचा मणी उरतो. नायट्रिक अम्लाने चांदी काढून घेऊन उरलेल्या सोन्याचे वजन करतात.

परीक्षा कितीही अचूक असली, तरी नमुनाच खोटा असल्यास तिचा उपयोग नाही. इंडोनेशियातील बोर्निओच्या भागात बुसांग येथे प्रचंड साठा सापडल्याचे ब्री-एक्स या कॅनडातील कंपनीने १९९० च्या दशकात जाहीर केले व तिच्या शेअरांचे भाव गगनास भिडले. १९९७ च्या मार्चमध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारी घेतलेल्या छिद्रांत नगण्य सोने मिळाले व मे महिन्यात स्वतंत्र तपासणीने नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे उघड केले. सामान्यतः छिद्रातून निघालेल्या दंडगोलाचा अर्धा भाग फेरतपासणीसाठी जपून ठेवतात. येथे जवळजवळ सर्व दंडगोल कुटून टाकले होते. सोन्याचे कणही नदीच्या वाळूतील सोन्याप्रमाणे गोलसर होते. शिरेतील सोने तसे नसते, एवढे निरीक्षणही वेळीच संशय येण्यास पुरेसे होते. हजारो सामान्य गुंतवणूकदारांची बचत यात बुडाली.

महाराष्ट्र व लगतचा प्रदेश : नेरच्या पूर्वेस, ट्रॅपच्या आवरणाबाहेर, नागपूर व भंडारा भागांत साकोली मालेचे अतिप्राचीन रूपांतरित खडक आहेत. त्यांत जुन्या लाव्ह्यांचाही समावेश आहे. या मालेतील क्वॉर्ट्झ शिरांत व चिरडलेल्या पट्ट्यांत परसोरी, कोलारी–भावरी इ. ठिकाणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने सोन्याचे समन्वेषण केलेले आहे. या शिरा जलतापीयच आहेत. मात्र त्या पुष्कळ खोलवर, पर्वतनिर्मितीच्या वेळच्या हालचालींत तयार झालेल्या असल्याने वर वर्णिलेले उकळीच्या पातळीचे नियम त्यांना लागू पडत नाहीत. तेथे चिरडलेल्या पट्ट्यांची वळणे व खडकांच्या सीमा यांचा मागोवा घ्यावा लागतो. २०२२ च्या अखेरीस राज्यात सोन्याची शक्यता म्हणून चंद्रपूर व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील क्षेत्रांचा उल्लेख झाला. या दोन्ही जिल्ह्यांत ट्रॅपखालचे प्राचीन खडक पृष्ठभागावर आलेले आहेत, हे लक्षणीय आहे.

कर्नाटकातील कोलार व हट्टी येथील सोनेही प्राचीन, रूपांतरित लाव्ह्यांतील अशाच खोल शिरांत आहे. कोलारच्या खाणी ३ किमी.हून अधिक खोल जाऊन २००१ मध्ये बंद झाल्या. रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे सु. दोन हजार वर्षांपूर्वीच्या खाणकामाचे अवशेष असून आजही उत्पादन चालू आहे. उथळ शिरांना अनुकूल असे पट्ट सरकण्याशी निगडित तरुण ज्वालामुखी भारतात अंदमान समुद्रातील बॅरन व नारकोंडम या बेटांवरच आहेत. देशातील चांदी बहुतांशी राजस्थानातील शिसे-जस्ताच्या धातुकांपासून उपउत्पादन म्हणून मिळते.

भारतात खनिजांच्या समन्वेषणाचे नियमन १९५७ च्या खाणी व खनिजे (विकास व नियमन) अधिनियमाने होते. २०१५ च्या दुरुस्तीने खाणपट्टे लिलावाने देण्याची पद्धत सुरू झाली. सोने, चांदी यांसारख्या खोलवर असणाऱ्या खनिजांच्या शोधास खाजगी संस्था पुढे याव्यात म्हणून २०२३ च्या दुरुस्तीने स्वतंत्र समन्वेषण परवान्याची तरतूद केली आहे.